विहीणबाईंच्या डब्याची झडती

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र आजही लख्ख आठवते, आणि गंमत म्हणजे ती घडली तेव्हा माझ्या अंगावर वर्दी नव्हती. होता तो मुलाच्या नेदरलँड्समधल्या, आल्मेरे गावातल्या घरचा ॲप्रन, कारण निवृत्त माणसाला भांडी घासायची ड्यूटी लागते. नावं सांगणार नाही. सगळी घरचीच माणसं आहेत आणि मला त्याच घरात जेवायचं आहे.

फिर्यादी माझी सून. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या उन्हाळ्यात लेकीकडे राहायला आल्या होत्या. आल्या तेव्हा ठणठणीत होत्या. मग हळूहळू पाय सुजू लागले, जिना चढताना थकवा येऊ लागला आणि रक्तदाब चढत गेला. औषध चालू असूनही तो उतरेना.

सुनेचा संशय पहिल्या दिवसापासून एकाच वस्तूवर होता. विहीणबाईंनी सामानातून घरगुती औषधांचा एक पितळी डबा आणला होता. "आई त्यातलं काहीतरी गुपचूप घेते, बाबा," ती मला म्हणाली. "विचारलं की सरळ नाही म्हणते."

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, मीही सोबत गेलो होतो. डॉक्टरांनी शांतपणे प्रश्न विचारले. मीठ किती? लोणचं? इथली ती काळी, खारट गोळी, ड्रॉप, खाता का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर सूनच देत होती. ड्रॉपचं नाव निघताच ती हसली. "आमच्या घरात कोणी तोंडातसुद्धा घालत नाही." मग आई डब्यातलं काहीतरी घेते आणि खरं सांगत नाही, असं तिने इंग्रजीत सांगून टाकलं. विहीणबाईंनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. एवढं इंग्रजी त्यांना कळतं. त्या भिंतीवरच्या चित्राकडे बघत बसल्या.

घरी आल्यावर ठिणगी पडली.

"तो डबा मी टाकून देणार आहे."

"टाक. पण मी त्यातलं चिमूटभरही घेतलेलं नाही. आणि माझं तिकीट काढ. माझ्या शब्दाला किंमत नाही तिथे मला राहायचं नाही."

"आई प्लीज! एवढ्या बीपीवर तुला विमानात कोण बसू देईल?"

राहवेना आणि जाताही येईना, अशी त्यांची अवस्था झाली. मायलेकींचं बोलणं बंद पडलं. शेवटी सून माझ्याकडे आली. "बाबा, तुम्ही पोलीस होतात ना? तुम्ही काढा खरं."

मी तपास हाती घेतला. सून कामावर गेल्यावर विहीणबाईंच्या परवानगीने, त्यांनाच पंच नेमून, डब्याची झडती घेतली. सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, सागरगोटा, हिंग. प्रत्येक पुडीला दोऱ्याची घट्ट गाठ होती आणि गाठींवर प्रवासात सांडलेली हळद तशीच बसलेली होती. गाठ सोडून पुन्हा बांधली की ती बांधणाऱ्याचं नाव सांगते, हे मी चोरीच्या गाठोड्यांवरून शिकलो आहे. यातली एकही गाठ सुटलेली नव्हती. बाई खरं बोलत होत्या. मग रक्तदाब चढवत कोण होतं?

डब्याच्या तळाशी एक रिकामी बाटली होती. तिच्यावर पिवळं पडलेलं लेबल आणि लेबलवर झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ.

"हे कोण?"

"माझे आजोबा. त्यांचा औषधाचा कारखाना होता. म्हणजे कारखाना कसला, मागची पडवी. पोस्टाने, व्ही.पी.ने, मुलूखभर गोळ्या जायच्या."

चौकशीचा माझा एक नियम आहे. गप्प बसलेल्या माणसाला गुन्ह्याबद्दल विचारू नये, त्याला ज्याचा अभिमान आहे त्याबद्दल विचारावं. मी चहा केला आणि लेबल मोठ्याने वाचू लागलो. "खोकला, दमा, पडसे, आवाज बसणे, मंदाग्नी व मनाची उदासीनता यांवर अचूक गुण! विलायती मालास लाजविणारे शुद्ध स्वदेशी औषध!"

"मनाची उदासीनता!" विहीणबाई खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. आणि मला त्यांची जीभ दिसली. काळी कुळकुळीत.

"विहीणबाई, जीभ दाखवा."

"अहो, काय हे इन्स्पेक्टरसाहेब!" पण त्यांनी आरशात पाहिलं आणि स्वेटरच्या खिशातून कागदी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत काळ्या गोळ्या होत्या, डॉक्टरांनी विचारलेली तीच ड्रॉप. "हे औषध नाही हो. शेजारच्या आजी देतात. आम्ही रोज तळ्याकाठी बसतो. तिला माझं कळत नाही, मला तिचं. ती हे देते, मी चिवडा देते. पहिली गोळी तोंडात टाकली आणि मला रडूच आलं. ज्येष्ठमध आणि नवसागर! आजोबांचीच गोळी. ती वळून उन्हात वाळत घालायचं काम आम्हा नातवंडांचं असायचं."

"मग सांगितलं का नाही?"

"लेक औषध घेतेस का, एवढंच विचारत होती. मी काय खाते ते डॉक्टरांनी विचारलं, तर उत्तर तिनेच देऊन टाकलं. आणि ती आजोबांना भोंदू म्हणते. ही चव तिच्या हाती कशाला देऊ?"

सून घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं, तशी तिने डॉक्टरांना फोन केला. ज्येष्ठमध जास्त झालं की रक्तदाब चढतो, ती गोळी आजपासून बंद, असा निरोप आला. फोन ठेवून ती आईशेजारी जाऊन बसली. शेजारच्या आजींना समजावून सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी सफरचंदं घेऊन आल्या.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. साक्षीदार खोटं बोलतो म्हणून जेवढे तपास फसतात, त्याहून जास्त आपण संशय आधी ठरवून मग प्रश्न विचारतो म्हणून फसतात. आणि मुलूखभर गोळ्या विकणारे ते मिशीवाले गृहस्थ? दम्याचं मला माहीत नाही. पण उदासीनतेवर त्यांच्या गोळीचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला मी तयार नाही.

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. सूज ओसरली होती, रक्तदाब उतरला होता. काय झालं होतं, असं डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सुनेकडे बघून विचारलं. सुनेने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"आई, तू सांग."

विहीणबाईंनी पदर सारखा केला. "डॉक्टर, नो मेडिसिन," त्या वर्गात उभ्या असल्यासारख्या ठासून म्हणाल्या. "आय टोल्ड द ट्रुथ."

"येस," सून म्हणाली. "शी डिड."