पायाखालची ओल

"पंप मार बे, पंप मार..." हे सुदामचे, माझ्या मावसभावाचे, शेवटचे शब्द. माणसानं जाताना देवाचं नाव घ्यावं, निदान बायकोला हाक मारावी. हा मला क्लचचं पायडल पंपासारखं दाबायला सांगत गेला. छातीत कळ आली म्हणून त्याला त्याच्याच जुन्या पिकअपमध्ये बसवून मी वाशिमला निघालो होतो. अनसिंग सोडलं आणि क्लचचं पायडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. गिअर पडेना. इंजिन बंद करून गिअर टाकला आणि तसाच सेल मारला, तर दोन हिसके देऊन गाडी बंद. दुसरी गाडी थांबेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दीड महिना झाला, माझा संताप काही जात नाही.

गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतो. कुणाचं बाळंतपण असो, कुणाच्या मांडवाचे बांबू असोत, सुदामनं गाडी काढायला कधी नाही म्हटलं नाही. पण त्या गाडीत बसायची मला किळस यायची. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्या बाजूची काच वर्षानुवर्षं अडकलेली, दार उघडायचा आळस, म्हणून गडी सरळ पायाजवळच्या रबरी पायपोसावर थुंकायचा. तिथं सदा लाल चिखल. मी ओरडलो की म्हणायचा, "गाडी चालून राह्यली ना? मंग कायले बोंबलतं?"

क्लचचं तेल सारखं कमी व्हायचं. मिस्त्री गाडीखाली शिरून खालचा सिलिंडर, पाइप, सगळं चाचपायचा. "खालून तं कोरडं हाय. तेल जाते कुठी?" सुदाम हसायचा, "पिऊन राह्यली असन." क्लचच्या डबीत ब्रेक ऑइल लागतं; ते हाताशी नसलं की सरळ इंजिनचं तेल ओतायचा. तेल ते तेल! त्या तेलानं आतलं रबर फुगतं, हे त्याला दहादा सांगून झालं होतं.

तेरवी झाल्यावर वहिनीनं मला गाडीपाशी नेलं. "भाऊजी, गाडीनं दगा देला का त्याईनं? मले एवढंच सांगा. झोप नाई लागत."

नाकाला रुमाल बांधून मी तो पायपोस ओढला. चिकटून बसला होता. खालच्या पत्र्याचा रंग फोड येऊन सोललेला... थुंकीनं रंग असा सोलत नाही, ब्रेक ऑइलनं सोलतो. पायडलमागचा दांडा फडक्यानं पुसला आणि डबीत नवं तेल टाकून वहिनीला पायडल दाबायला सांगितलं. चारदा दाबल्यावर दांड्याच्या मुळाशी थेंब धरला, दांड्यावरून ओघळला आणि टपकन पायपोसाच्या जागी पडला. पायडलपाशी असलेल्या वरच्या सिलिंडरचं रबर फुगून फाटलं होतं. तेल गाडीच्या आतच, पायाशी गळत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आम्ही ती ओल थुंकीचीच समजत होतो, आणि त्या घाणीत बोट घालायला मिस्त्रीही तयार नव्हता.

वहिनी त्या थेंबाकडं बघत राहिली. "खर्रा तुमाले नेईन, खर्रा तुमाले नेईन, म्हणत होती मी," ती म्हणाली. "असा नेईन, हे नव्हतं ठाव."

गाडी आता मी चालवतो. क्लच लोण्यासारखा दबतो. पायपोस मी उकिरड्यावर फेकला होता. वहिनीनं तो उचलून आणला, घासून घासून धुतला आणि पुन्हा जागेवर टाकला. कोरडा ठणठणीत आहे, पण ऊन तापलं की अजून खर्र्याचा वास येतो. मी काच खाली करतो... ती मीच दुरुस्त करून घेतली. शेजारी बसलेली वहिनी म्हणते, "राहू द्या भाऊजी, बंदच करा."