चांदी न धरणारी बाटली

त्या दोन कुप्या आठवल्या की आजही माझे डोके फिरते.

साठच्या दशकात तारापूरला मोठे बांधकाम चालू होते. एका कंत्राटदाराच्या कोठारातून तांब्याच्या तारेची भेंडोळी गेली. मुकादमाने फिर्याद दिली आणि डोंगराकडून आलेल्या एका मजूर बाईला अटक झाली. मी तेव्हा पोलिसात फौजदार होते; आरोपी स्त्री, म्हणून मला ठाणे शहरातून बोईसरच्या चौकीत पाठवले. कागद वाचले. पुरावा एकच: ‘बाटली उजळली नाही.’

“म्हणजे काय, हवालदार?”

“बुवाची परीक्षा हाय, बाई. खऱ्या मानसाची बाटली आतून चांदीची होते. पाच जनांची झाली. हिचीच कोरी.”

बुवाला मुकादमानेच आणले होते आणि आमच्या लोकांनी त्याची परीक्षा पुरावा म्हणून पक्की धरली! दुसऱ्या दिवशी बाईला कोर्टात उभे करायचे होते. ती मला एवढेच म्हणाली, “तार मी बघली पन नाय.”

कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते, पण ते चौकीत सांगितले नाही. ‘इंग्रजी बाई’ म्हणून तिथले शिपाई मला आधीच हसत होते.

बुवाला बोलावले. “आता हवालदारांची परीक्षा घ्या.”

त्याने धूप पेटवला, बाटलीत पाणी ओतले आणि तीर्थाची कुपी काढली. लाल दोऱ्याची. झोळीत बिनदोऱ्याची आणखी एक होती.

“तीर्थ मी घालते,” म्हणत मी ती दुसरी उचलली. “ती नको,” म्हणत बुवा पुढे सरकला. बाटली गरम पाण्यात ठेवली. कोरीच राहिली.

“आईशप्पत बाई, मी चोर नाय!”

“ठाऊक आहे. तीही नाही.”

मग दोऱ्याच्या कुपीतले थेंब घालून दुसरी बाटली केली. काचेवर आरसा चढला. बाटलीतल्या पाण्यात अमोनिया आणि चांदीचा क्षार होता; वास धुपात लपत असे. लाल दोऱ्याच्या कुपीत फॉर्मॅलिन, म्हणजे अल्डिहाइड. ते क्षारातली चांदी मोकळी करते. दुसरीत अ‍ॅसिटोन, म्हणजे कीटोन. त्याला ते जमत नाही. बुवा पूर्वी प्रयोगशाळेत शिपाई होता. बाटली कोणाची कोरी ठेवायची, हे मुकादमाने सांगितल्याचे त्याने कबूल केले. तार मुकादमाच्या वाणगावच्या खोलीत सापडली.

सुटताना बाईने पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी दाखवली. सफाळ्याच्या दवाखान्याची. चोरीच्या दिवशी ती तिथे दाखल होती.

“अगं, आधी का नाही दाखवलीस?”

“त्या दिशी कुठं होतीस, असं कोनी इचारलंच नाय.”

हवालदारांनी विचारले नव्हते. कुप्यांच्या नादात मीही नाही. पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक जबाबात माझा पहिला प्रश्न तोच असे.