दोनशे नव्हे, चाळीस

लॅबमध्ये तिला तीनदाबाई म्हणत. कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय तिच्या गळी उतरत नसे. सासूबाई तर म्हणत, हिनं लग्नाला होकारसुद्धा तीनदा तपासून दिला. त्या तीन खोल्यांच्या लॅबमध्ये रक्तातून डीएनए वेगळा काढायचा आणि मोजायचा, हे काम ती तेवीस वर्षं करत होती. हात असा बसलेला, की नव्या पदवीधरांनी नुसतं बघत राहावं.

एका सकाळी तिनं आठ दिवसांच्या बाळाच्या चार थेंब रक्तातून डीएनए काढला. नव्या मशीननं दाटपणाचा आकडा दाखवला, दोनशे. नव्या सरांनी सगळ्यांना बोलावून तिचं तोंडभरून कौतुक केलं. मोठ्या लॅबला वीसचा नमुना लागे; आता हा डीएनए दहापट पातळ करून तिकडे पाठवायचा, म्हणजे बाळाला नेमकं काय झालंय ते कळणार होतं.

कौतुक कोणाला नको असतं? तिलाही गोड लागलं. पण मनात पाल चुकचुकली. वाटीभर दुधातून शेरभर लोणी निघालं, तर सुगरणीची पाठ थोपटण्याआधी तराजू बघावा. ते मशीन फक्त प्रकाश किती अडला ते सांगतं. डीएनएसोबत पेशीतला त्याचाच भाऊबंद, आरएनए, आलेला असला, तर तोही बिनबोभाट त्याच आकड्यात जाऊन बसतो. आणि आरएनए नष्ट करणारं रसायन आपण सकाळी घातलं की नाही, हे तिला काही केल्या आठवेना.

तिनं कपाटातलं जुनं यंत्र काढलं. त्यात वापरायचा रंग डीएनएला चिकटला तरच चमकतो. सर वैतागले. नमुना जेमतेम पन्नास मायक्रोलिटर, म्हणजे एखादा थेंब, त्यातला आणखी कशाला खर्च करायचा, आणि चांगला आलेला आकडा आपणच कशाला पाडायचा, असं त्यांचं म्हणणं.

"सर, एकदा पातळ केलं की परत दाट होत नाही," ती म्हणाली. "आणि नमुना घेतल्यावर बाळाला दुसऱ्याचं रक्त चढवलंय. आता पुन्हा घेतलं, तर त्यात बाळाचं कुठलं आणि परक्याचं कुठलं?"

सर यंत्रापासून बाजूला सरले. तिनं आधी माहीत असलेल्या आकड्यांचे नमुने लावून यंत्र पारखलं, मग बाळाचा नमुना मोजला. एकेचाळीस. एकोणचाळीस. चाळीस. तिनं वहीत चाळीस लिहिलं, खाली लिहिलं, 'रसायन घालायचं माझ्याकडून राहिलं', आणि सही ठोकली. नमुना दहापट नाही, दुप्पटच पातळ करून गेला.

नऊ दिवसांनी मोठ्या लॅबचा निकाल आला. तपासणी पहिल्याच फटक्यात जमली होती, आजार कळला होता, आणि त्यावर औषध होतं. बाळाचे वडील आभार मानायला आले, तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत ती वही उघडली.

"चूक यांचीच होती," सर त्यांना म्हणाले, "आणि पकडलीही यांनीच."

तेवीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी तिची चूक चारचौघांत सांगितली, आणि तिची मान अभिमानानं ताठ झाली.