तीनदा विचारायची रीत

मार्गित क्वामेला रेडिओशी भांडायची सवय होती. रेडिओ उलट उत्तर देत नाही हे तिलाही कळत होतं, पण तिचा नवरा ओला तरी कुठे कधी उलट बोलायचा! तो न्यूमोनियाने गेला आणि मागे राहिल्या दुभत्या गाई, मक्याचं रान आणि एकुलता एक सिगुर्ड. ओला गेल्यावर स्वयंपाकघरात आवाज असावा म्हणून सिगुर्डनेच रेडिओ आणून ठेवला. त्या दिवसापासून मार्गितच्या डोक्याला ताप सुरू झाला तो झालाच.

मिनेसोटातल्या आमच्या कोपऱ्यात सगळी नॉर्वेहून आलेल्यांचीच पोरंबाळं. कुंपणावरून भांडतील, चर्चच्या घंटेच्या दोरीवरून भांडतील, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. युरोपातल्या लढाईत आपण पडायचं नाही. मागच्या महायुद्धात पडलो होतो, तर चर्चच्या आवारात एक दगड उभा राहिला आणि त्यावर पोरांची नावं आली. त्यातलं एक मार्गितच्या थोरल्या भावाचं होतं.

"तिकडच्या कटकटींना कंटाळूनच आपले आजे बोटीत बसले ना?" ती म्हणायची. "मग आता परत तिथे नाक खुपसायला कशाला जायचं?"

यावर कुणी काही बोलायचं नाही, कारण कुणाचंच म्हणणं वेगळं नव्हतं. पण वॉशिंग्टनची माणसं मोठी हुशार. 'लढाई' हा शब्दच काढायची नाहीत. आधी म्हणाली, लढणाऱ्यांना हत्यारं विकू, पण रोखीने, आणि ज्याची त्याने आपल्या बोटीतून न्यायची. मग इंग्रजांना आपली जुनी जहाजंच देऊन टाकली. मग म्हणाली, पोरांना जरा कवायत शिकवून ठेवू, वर्षभरच, आणि देश सोडून लांब काही न्यायचं नाही. मग शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर बागेतला पाइप द्यायला नको का, ही राष्ट्राध्यक्षांची गोष्ट. ती ऐकून मार्गितने हातातला पळा रेडिओवर उगारला.

"द्या हो पाइप! पण तिथे जाऊन तो धरणार कोण, तेवढं आत्ताच सांगा!"

रेडिओने सांगितलं नाही. उन्हाळ्यात कवायतीच्या त्या एका वर्षाची अडीच वर्षं झाली, तीही म्हणे वॉशिंग्टनमध्ये एकाच मताच्या फरकाने.

"सरळ म्हणा की मेल्यांनो, लढायचंय म्हणून," मार्गित लोण्याच्या रवीवर राग काढत म्हणाली. "हे काय थोडं वाढू, थोडं वाढू करत अख्खं ताट भरायचं?"

आता खरं सांगायचं तर थोडं थोडं तिच्या घरातूनही जात होतं. जर्मन नॉर्वेत घुसले तेव्हा तिच्या मावशीची पत्रं बंद झाली. तिथून निसटलेली पोरं कॅनडात विमान चालवायला शिकतायत असं कळलं. चर्चमधल्या बायकांनी त्यांच्यासाठी लोकर आणली, आणि मार्गितने सगळ्यांच्या आधी पायमोजे विणून दिले.

शेजारची बेर्ता अशा वेळी गप्प बसेल तर ती बेर्ता कसली. "का गं बाई, नाक खुपसायचं नव्हतं ना?"

"पाय गारठलेत म्हणून पाय झाकतेय. पायमोजे म्हणजे काय लढाई आहे?"

पुढे रुग्णवाहिकेसाठी वर्गणी झाली, तेव्हा रुग्णवाहिका म्हणजे लढाई नव्हती. त्या जुलैमध्ये विमानांसाठी गावोगाव ॲल्युमिनियम गोळा करायला लागले, तेव्हा मार्गितने शिव्या घालत घालत आपली दोन चांगली पातेली चौकातल्या ढिगावर नेऊन आदळली. सामान पोचवायला प्रत्येक खेपेला सिगुर्ड ट्रक घेऊन जायचा. मुकाट न्यायचा, मुकाट परत यायचा. मुळात बोलायचाच कमी, बापावर गेलेला.

शरद ऋतूत त्याला भरती मंडळाने बोलावलं. मार्गित निवांत होती. विधवा आई, गाई, घरात दुसरा पुरुष नाही. अशा पोराला शेतीसाठी भरतीतून सूट मिळते हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. सिगुर्ड संध्याकाळी परत आला, हात धुतले, वाटाण्याचं सूप पुढे ओढलं.

"काय म्हणाले?"

"सूट हवी का विचारलं."

"मग?"

"नाही म्हटलं."

"बरोबर. मग?"

"मग ते बरं म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली."

मार्गितने कपाळावर हात मारला.

आमच्यात काहीही पुढे केलं तरी लगेच घेत नाहीत. कॉफी विचारली की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा, छे छे, उगाच कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं बाई, अर्धा कप, आणि तीन कप प्यायचे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस आईबापांनी वाढवलेला नाही असंच आम्ही समजतो. आणि मंडळाचा अध्यक्ष होता कलाहन, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, आयरिश. त्या लोकांना एकदा नाही म्हटलं की भांडं उचलून आत. मार्गित एकदा त्याच्या घरी अख्खी दुपार कोरड्या घशाने बसून आली होती, ते ती अजून विसरली नव्हती.

"अरे गाढवा, कलाहन होता ना समोर! त्याच्याशी कसले चांगल्या घरचे शिष्टाचार करतोस? त्याच्यापुढे पहिल्यांदाच हो म्हणायचं, बेशरम होऊन म्हणायचं!"

"आई, सूप गार होतंय."

"मरू दे ते सूप! उद्या तुला बोटीत घालतील तेव्हा पण त्यांना म्हण, उगाच कशाला त्रास!"

सिगुर्डने सूप संपवलं आणि धारा काढायला गोठ्यात गेला. मार्गितला रात्रभर झोप नाही. या पोराला आपणच वळण लावलं, चांगलं हातावर पट्टी मारून मारून लावलं, आणि आता तेच आपल्या मुळावर आलं, या विचाराने तिचा जीव नुसता चडफडत होता.

सकाळी ती दुकानात शिरली तेव्हा कलाहन खिळे तोलत होता. तिने सगळं ऐकवलं. तो बिचारा आधी हसला आणि मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

"क्वामेबाई, मी मंडळावर आहे. पंगतीत वाढायला नाही उभा. जोडधंदा म्हणून पोरांना आग्रह करत बसू का?"

"आमच्या पोरांना विचारायला बसलात ना? मग आमच्यासारखं विचारा!"

"पण तो स्पष्ट नाही म्हणाला हो. वर आभार पण मानले."

"आभार मानले म्हणजेच हवंय! एवढं साधं कळू नये माणसाला?"

कलाहनने तराजू बाजूला सारला. "बाई, तुमचा राहिला तर त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी जाणार. तेही माझ्याच गळ्यात."

"त्याचं त्याची आई बघेल," मार्गित बोलून गेली, आणि बोलल्यावर तिची तिलाच लाज वाटली. बेर्तालाही मुलगा होता. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत.

कलाहन शेवटी कंटाळला म्हणा किंवा विरघळला म्हणा. मंडळ पुन्हा बसेल तेव्हा पोराला घेऊन या, तुमच्या पद्धतीने विचारतो, असं म्हणाला. निघताना मार्गितने त्याला दोनदा बजावलं, मध्ये थांबायचं नाही, तिसऱ्यापर्यंत जायचं.

सिगुर्डने यायला आढेवेढे घेतले नाहीत. त्याने रविवारचा कोट घातला. ट्रकमध्ये मार्गित त्याला पढवत राहिली आणि तो समोरचा रस्ता बघत राहिला.

मंडळ शाळेच्या खोलीत बसलं होतं. तीन मोठी माणसं पोरांच्या छोट्या बाकांवर गुडघे सांभाळत बसलेली. कलाहनने घसा साफ केला. एवढा अवघडलेला तो लग्नातसुद्धा नसेल.

"सिगुर्ड क्वामे, शेतीसाठी सूट हवी का?"

"नको साहेब. आभारी आहे."

मार्गितने हातमोजे नीट केले. त्या सुपाच्या संध्याकाळपासून आज पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडत होता.

"हे बघ," कलाहनने पुन्हा सुरुवात केली, "आई एकटी आहे. गोठा भरलेला आहे. कायदा तुझ्या बाजूने आहे. घेतोस का सूट?"

"नको. माझ्यासाठी तुम्ही उगाच त्रास घेताय."

मार्गितने कलाहनकडे बघून मान हलवली. बघा, आलंच आता, अशी. कलाहन पुढे वाकला. त्यालाही आता खेळ कळला होता, आणि पोराला घरी ठेवायचं त्याच्याही मनात होतं.

"बाळा, घरी राहायचंय का?"

सिगुर्डने कलाहनकडे बघितलं नाही. तो आईकडे वळला.

"नाही."

आभार नाहीत, त्रास नाही, काही नाही. मार्गितने उभ्या जन्मात कुणाच्या तोंडून तिसऱ्यांदा 'नाही' ऐकलं नव्हतं. कॉफीलासुद्धा नाही.

"का रे?" तिने विचारलं. "आपण तिथलं काय देणं लागतो? कुणाची लढाई ती?"

"तू पायमोजे विणलेस, आई. ते मी नेऊन दिले. पातेली नेऊन दिली. तुला वाटतं ते सगळं आपोआप लढणार आहे? दर वेळी रिकामा ट्रक घेऊन परत येतो तेव्हा मला लाज वाटते." तो एका दमात एवढं बोलला आणि लाल झाला.

"आणि मी? माझं काय?"

सिगुर्डने मान खाली घातली, पण बोललेलं परत घेतलं नाही. कलाहन एकदा आईकडे, एकदा मुलाकडे बघत होता. आपल्या हातून पुन्हा काहीतरी चुकलं, एवढंच त्याला कळत होतं.

"क्वामेबाई," तो हळूच म्हणाला, "चौथ्यांदा विचारू का? सांगाल तितक्यांदा विचारतो."

मार्गितला हो म्हणायचं होतं. विचारा, संध्याकाळपर्यंत विचारा, तो थकेपर्यंत विचारा, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

"नका," ती म्हणाली. "आमच्यात चौथ्यांदा विचारत नाहीत." आणि कलाहन तसाच बघत राहिला तेव्हा तिचा संताप झाला. "बघताय काय माझ्या तोंडाकडे? नाही म्हणालाय तो. लिहा की!"