जागा मी दिली

“योगायोग कशाचा, ताई? जागा मी दिली!”

परळी-तेलगाव गाडीच्या कंडक्टरांचं हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल, तर तुम्ही त्या गाडीने कधी गेलाच नाहीत. तिकिटाचा पंच मिशीवर टेकवून ते हे बोलत. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न जमलं की श्रेय आपलंच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मी तेव्हा तेलगावला दूध संघाच्या ऑफिसात होते. दुष्काळाचं वर्ष. संघ होता, ऑफिस होतं, चेअरमनसाहेबांची नवी गाडी होती, फक्त दूध नव्हतं. म्हणून जाता-येता मी कादंबऱ्या वाचायचे. त्यातली एक तरुण पोरांसाठी लिहिलेली. तो आणि ती प्रवासात अचानक भेटतात, चुकामूक होते, मग भलत्याच गावी पुन्हा अचानक भेटतात. लेखकाला ‘अचानक’चा फारच लळा. कंडक्टरांनी ती माझ्याकडून मागून घेतली आणि थांब्याथांब्याला अर्धं पान वाचत संपवली. परत देताना म्हणाले, “बरी हाय. पर अख्ख्या पुस्तकात कंडक्टरच न्हाई. मग शीट कुणी दिली त्यांला?”

या समीक्षेपुढे मी काय बोलणार, कपाळ!

त्यानंतर तर त्यांनी मनावरच घेतलं. पाण्याचे कॅन घेऊन एखादी मुलगी चढली की तिला नोकरीवाल्या पोराशेजारी जागा झालीच पाहिजे. तिथे आधीच बसलेल्या म्हाताऱ्याला “बाबा, हितं वारं लई येतं” असं सांगून उठवायचं. कॅन बाकाखाली, कोंबड्यांची पाटी मागे, म्हातारा खुरडत तिसऱ्याच बाकावर. ही सगळी मांडामांड होईपर्यंत डबल बेल नाही. पुढे ड्रायव्हर कंडक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. गाडी रोज लेट.

अशी बरीच लग्नं जमवल्याचं ते सांगत. त्यातलीच एक नवरी एकदा गाडीत चढली आणि भरल्या गाडीत म्हणाली, “तुमीच बसवलं व्हतं ना त्याच्या शेजारी? आता तुमीच उठवा.” कंडक्टरांनी तिला खिडकीची जागा दिली. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

त्यांची स्वतःची मुलगी मात्र या योजनेत बसत नव्हती. ती सिरसाळ्याच्या पुढच्या फाट्यावर चढायची, तेलगावच्या कॉलेजात जायची. तिची जागा ठरलेली, पहिल्या बाकावर माझ्याशेजारी. खिडकीत मी, मधल्या वाटेला कंडक्टर. इतका बंदोबस्त मंत्र्यालाही मिळत नाही.

आणि नेमकं तिचंच जमलं. गाडीत नाही, फाट्यावर. बाप गाडीत परक्यांच्या सोयरिकी जुळवत उशीर करी, आणि तेवढा वेळ लेक बाभळीखाली उभी राही. त्याच बाभळीखाली सोसायटीच्या चारा छावणीवर जाणारा एक मुलगा उभा असे. तिथे जनावरांना चारा मोजून द्यायचं त्याचं काम. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दुष्काळ हटला की छावणी उठणार आणि छावणीबरोबर नोकरीही. अख्ख्या जिल्ह्याने पावसासाठी देव पाण्यात ठेवले असते, पण तेवढंही पाणी नव्हतं. ही दोघं तेवढी निवांत होती.

कंडक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी गाडी वेळेवर आणायला सुरुवात केली. बाया बायांत, बाप्ये बाप्यांत, म्हातारा बसेल तिथे. पळत येणारे पासवाले मागे राहू लागले. डेपोत म्हणे कौतुक झालं. फाट्यावर पोरगी चढली की टणटण, आणि त्या मुलाला जागा असूनही पार मागे उभा करायचे.

शेवटी मीच विषय काढला. पोरगी शेजारीच बसली होती.

“ताई, नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, म्हाईत हाय ना? मुकादम एकट्याला नेत न्हाई. छावणी उठली की ते पोरगं फडात जाणार, आन जोडीला माझी पोरगी. मोळ्या उचलाया शिकवली का हिला?” येत्या रविवारी नात्यातले पाहुणे येणार आहेत, होकार द्यायचं ठरलंय, असंही ते म्हणाले. पंच मिशीवर टेकलाच नाही. माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणून मला फार वाईट वाटलं.

पोरगी मान वर न करता म्हणाली, “आबा, तुमी इतक्या लोकांला शेजारी बसवलं. कुणाला इचारलं का, तुझा बाप काय करतो? कोयता धरायचा का न्हाई, ते आमी दोघं बघू.”

कंडक्टरांनी तिच्या पासला पंच मारला. पासला पंच मारत नाहीत.

शनिवारी गाडी फाट्यावर वेळेवर आली. दोघं बाभळीखाली बोलत होती. पोरगी रडत असावी. गाडीकडे पाहतच नव्हती. कंडक्टरांनी बेलच्या दोरीला हात घातला आणि तसाच खाली घेतला.

“बेल दे की बे, लेट व्हायलं!” ड्रायव्हर ओरडला.

“थांब जरा. जागा करतोय.”

गाडी अर्धी रिकामी होती. ते माझ्याजवळ आले, बाहेर बघत म्हणाले, “ताई, हितं वारं लई येतं.”

झाडाचं पान हलत नव्हतं. मी उठले आणि मागे जाऊन बसले. मग ते दारातून त्या दोघांवर खेकसले, “चला, बसून घ्या.”

रविवारच्या पाहुण्यांना नकाराचा निरोप गेला. बाभळीखालच्या त्या दोघांच्या लग्नात मी कंडक्टरांना मुद्दाम विचारलं, जागा कुणी दिली? बाकीच्यांचं श्रेय दामटून घेणारा हा माणूस जावयाकडे बघत राहिला. “योगायोग, ताई,” म्हणाले, “निसता योगायोग.”

मुलीच्या हाती कोयता आला नाही; ती सिरसाळ्याला शिकवते. कंडक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी वेळेवर सुटते. मी खिडकीत बसते आणि तेलगावपर्यंत मला कुणी उठवत नाही.