गोलात एक जागा रिकामी

मोरागने कॅमेरा खाली वळवला, तेव्हा ती तोकिएच्या पहिल्यांदा लक्षात आली.

तोकिए त्या वेळी जपानातल्या शिओमी बंदरातल्या माशाच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या शेजारच्या टेबलावर फिलिपीन्सहून आलेला एफ्रेन मासे साफ करायचा. त्याच्यावर माहितीपट काढायचा म्हणून ही उंच, तांबूस केसांची स्कॉटिश बाई रबरी बूट घालून दिवसभर कोपऱ्यात उभी असायची. कुणाच्या मध्येमध्ये करायची नाही, त्यामुळे बायका तिला विसरूनही गेल्या होत्या. एका सकाळी वड्यांची एक खेप वाफेत बिघडली आणि मुकादमाने तोकिएला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तोकिएची मान खाली गेली. खाली गेलेल्या नजरेला तिरकं दिसलं, की कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे वळलेलं आहे. तसं कुणी सांगितलं नव्हतं. मुकादम निघून गेला, तोकिएने नाक पुसलं, सुरी पुन्हा हातात घेतली, आणि मगच कॅमेरा वर झाला.

पुढे तोकिए निवृत्त झाली. नवरा आधीच गेलेला, मुलगी ओसाकाला, माडी रिकामी. मोराग खोली शोधते आहे असं एफ्रेनकडून कळल्यावर तिने एका शब्दात होकार दिला. एफ्रेनचं बिऱ्हाड त्याच उताराच्या गल्लीत, तीन घरं खाली.

मोराग दुपारी मुलांना इंग्रजी शिकवायची आणि सकाळी माडीवर बसून चित्रपटाचे तुकडे जोडायची. जपानात कामासाठी आले आणि इथलेच होऊन बसले, अशा पाच परदेशी माणसांचा हा चित्रपट. पाठीशी कुठली कंपनी नाही, मोठं नाव नाही. नाव ठेवलं होतं ‘पालखीचे भोई’, कारण शेवटच्या दृश्यात शरदातल्या जत्रेत एफ्रेन पहिल्यांदा गल्लीतल्या लोकांबरोबर देवाच्या पालखीला खांदा देतो. वीस वर्षं तो रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत आला होता. त्या एका दृश्यासाठी मोराग सहा जत्रा थांबली होती.

चित्रपट हिवाळ्यात पुरा झाला. गावातल्या एकमेव थिएटरच्या इसोदा-सानांनी मार्चमधला एक आठवडा दिला. तिकिटं आधी हातोहात खपवायची, पत्रकं वाटायची, हे मोरागचं मोरागने करायचं होतं. तोकिए उत्साहाने पुढे झाली. त्या वर्षी गल्लीच्या कामांची पाळी तिच्याकडे होती, आणि घरोघर जाणारी फिरती पाटीही. नगरपालिकेच्या सूचना पाटीला अडकवायच्या, प्रत्येक घराने वाचून आपला शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. तोकिएने त्या सूचनांच्या वर मोरागचं पत्रक अडकवलं. पत्रकावर जत्रेचा फोटो होता. मधे एफ्रेन, आणि भोवती सगळी गल्ली, घामाघूम.

पाटी परत आली नाही.

पाटी अडली होती कुवाबारांच्या घरी. हे जत्रेच्या मंडळाचे प्रमुख. जन्म बोटीवर गेलेला, आवाज अजून वाऱ्याच्या वर चढवलेला. ‘देवाला परक्यांचा खांदा कशाला?’ असं मंडळाच्या सभेत उभं राहून म्हणाले होते तेच हे. तोकिए त्यांच्या दारात गेली तेव्हा ते पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पत्रक कुणाला विचारून घातलंत?”

“चुकलंच माझं,” तोकिए वाकून म्हणाली. “आधी घरी येऊन सांगायला हवं होतं.”

“माझं थोबाड गावभर लावणार, आणि ते मला कळणार पाटीवरून? त्यात आमच्या घराचा नंबर सातवा! म्हणजे आधी सहा घरं हसून मोकळी!”

“कुणी हसलं नाही हो.”

“चेहरे दाखवायचे तर सगळ्यांना विचारायला नको? त्या बाईला सांगा, इथे माणसं राहतात. देखावा नाही हा.”

त्याच दुपारी इसोदांचा फोन आला. कुवाबारा त्यांच्याशीही बोलले होते. इसोदा भला माणूस, पण गावात थिएटर चालवणारा. म्हणाले, “मोराग-सान, ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांची लेखी संमती आणा. नाहीतर चेहरे पुसा. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची प्रत माझ्याकडे पाहिजे, शनिवारी पहिला खेळ आहे.”

मोरागने पाचही परदेशी माणसांच्या सह्या वर्षांपूर्वीच घेतल्या होत्या. गल्लीतल्या लोकांना मात्र तिने जत्रेच्या संध्याकाळी, साके पिता पिता विचारलं होतं, आणि सगळ्यांनी हात हलवून “चालेल, चालेल” म्हटलं होतं. तिला तेवढं पुरेसं वाटलं होतं. आपली माणसं म्हणून.

दोघी घरोघर निघाल्या. वरच्या टोकाला हामागुची-सान राहायच्या. मुळे वाळत घालता घालता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आमची काहीसुद्धा हरकत नाही. मी तर केस करून घेतले होते त्या दिवशी. पण बाकीच्यांचं काय म्हणणं?”

“अजून कुणाला विचारलं नाही. तुमच्यापासूनच सुरुवात.”

हामागुचींनी हातातला मुळा खाली ठेवला. “अगंबाई. मग दुसरीकडून करा ना सुरुवात. पहिलं नाव आमचं नको. कुवाबारा म्हणतील, हिनेच चिथावलं सगळ्यांना.”

तांदूळवाले तानिगावा म्हणाले, “हामागुचींनी केली का सही? नाही? मग आम्हीही मागाहूनच करतो.” त्यांच्या शेजारणीने चहा दिला, संत्री दिली, मोरागच्या प्रकृतीची चौकशी केली, आणि तानिगावांचं काय ठरलं ते विचारलं. ‘नाही’ असं कुणीच म्हटलं नाही. संत्र्यांनी पिशवी भरली. कागद कोरा राहिला.

बुधवारी मोरागने चेहरे पुसायला घेतले. दोन दिवस ती माडीवरून खाली आली नाही म्हटलं तरी चालेल. तोकिए जेवण वर नेऊन ठेवायची आणि तसंच्या तसं खाली आणायची. गुरुवारी दुपारी मोरागने तिला आणि एफ्रेनला दृश्य दाखवायला बोलावलं.

पडद्यावर पालखी उतारावरून आली. आरोळ्या त्याच, ढोल तोच. पण पालखीखाली माणसांच्या चेहऱ्यांच्या जागी राखाडी ठिपके होते, पाण्यात विरघळलेल्या पिठासारखे. त्यांच्या मधोमध एकच चेहरा लख्ख. एफ्रेनचा.

“यात मी कुठली?” तोकिएने विचारलं. “मी भाताचे गोळे वाटत होते.”

“ती डावीकडची,” मोराग म्हणाली. “बहुतेक.”

“बहुतेक?”

एफ्रेन आधी हसला. “मी काय भुतांच्या लग्नाला आलोय का?” मग तो हसायचा थांबला. “मोराग, तिकडे माझ्या गावी मुलींना मी काय सांगतो माहितीये? हे माझे शेजारी. हा चित्रपट त्यांनाही दिसणार आहे ना? त्यांना काय दिसेल यात? वीस वर्षं बाप एकटाच नाचत होता.”

“मला दुसरा रस्ता दिसत नाही, एफ्रेन.”

“मग मलाही पूस. सगळे सारखे तरी दिसू.”

तो जिना उतरून गेला. मोरागने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. “त्याने सही मागे घेतली तर चित्रपटच नाही राहत,” ती म्हणाली. “आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.”

तोकिए स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिला स्वतःचा राग आला होता. पत्रक तिने अडकवलं होतं. आणि तिला हामागुचींचाही राग आला होता. पहिलं नाव आमचं नको म्हणे! मग ते वाक्य तिच्या डोक्यात अडकून राहिलं. पहिलं नाव नको. हे तिने कुठेतरी फार पूर्वी ऐकलं होतं.

उताराच्या टोकावरच्या बुद्धमंदिरात एक जुना कागद काचेत लावलेला आहे. गल्लीतलं प्रत्येक मूल शाळेच्या सहलीत तो बघतं आणि विसरतं. दुष्काळात या किनाऱ्यावरच्या लोकांनी सरदाराकडे सारा माफ करण्यासाठी अर्ज केला, तेव्हा नावं एकाखाली एक न लिहिता गोलात लिहिली, छत्रीच्या काड्यांसारखी. म्हणजे सुरुवात कुणी केली ते सरदाराला कळू नये आणि कुणा एकाचं मुंडकं उडू नये.

तोकिएने भाताच्या भांड्याचं झाकण कागदावर पालथं घातलं आणि पेन्सिल फिरवली.

हामागुचींनी तो कागद हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिला. मग त्या खुदकन हसल्या. “छत्री! म्हणजे उडवायची तर सगळ्यांचीच.”

“सगळ्यांचीच. माझंही नाव आहे, हे बघा. पण वर कुठलं आणि खाली कुठलं ते तुम्ही सांगा.”

“द्या इकडे पेन.”

तानिगावांनी दुकानात उभ्या उभ्या सही केली आणि आपल्या आजीलाही करायला लावली. शेजारणीने पुन्हा संत्री दिली. अंधार पडायच्या आत कागदावर छत्री उमटली. एका काडीची जागा तेवढी तोकिएने मुद्दाम मोकळी ठेवली. गोलात ती पडलेल्या दातासारखी दिसत होती.

शुक्रवारी सकाळी दोघी कुवाबारांकडे गेल्या. त्यांनी कागद धरला, लांब केला, जवळ आणला.

“ही मोकळी जागा माझी का?”

“हो,” तोकिए म्हणाली.

“राहू दे तशीच.”

“कुवाबारा-सान, सगळ्या गल्लीने...”

“गल्लीने काय करायचं ते करावं. माझा चेहरा नाही दाखवायचा म्हणजे नाही.”

“नाही दाखवणार,” मोराग म्हणाली.

तोकिएला राहवलं नाही. “पण तुम्ही इतकं छान काम केलंत त्यात! ते पंचाचं...”

कुवाबारांचे कान लाल झाले. अगदी कानशिलापर्यंत. ते उठून आत गेले आणि दार सरकवून घेतलं, आणि तोकिएला तेव्हा उमगलं. पालखीच्या दांड्याने एफ्रेनचा खांदा सोलवटला होता. कुवाबारांनी चालता चालता स्वतःच्या गळ्यातला पंचा काढून, त्याची नीट घडी करून, दांड्याखाली सरकवला होता. बोलले नव्हते काही. सभेत जे गरजले, ते त्याच माणसाचा खांदा जपताना कायमचे दिसणार होते. याचीच लाज. अपमानाची नव्हे, मायेची.

घरी आल्यावर मोरागने इसोदांना फोन लावला. तोकिए शेजारी बसून ऐकत होती.

“एकच सही नाही ना?” इसोदा म्हणाले. “हे बघा, जत्रा भर रस्त्यात झालेली आहे. एकाकडे मी काणाडोळा करतो. म्हातारा दोन दिवस ओरडेल आणि गप्प बसेल. ते पंचाचं दृश्य म्हणजे तुमच्या चित्रपटाचा प्राण आहे. घालवू नका.”

मोरागने कागदावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. तोकिएला वाटलं, ही आता हो म्हणेल, आणि म्हटलं तर आपण तिला कुठल्या तोंडाने अडवणार? सहा वर्षं.

“मी त्यांना शब्द दिलाय,” मोराग म्हणाली. “तेवढा एक चेहरा पुसते. संध्याकाळी प्रत आणून देते.”

ती माडीवर गेली. तोकिएने या वेळी जेवणाचं ताट वर नेलं नाही, ती स्वतःच वर जाऊन बसली. एकेक ठिपका उठत गेला आणि खालून हामागुचींचे नवे केस निघाले, तानिगावांचं टक्कल निघालं. भाताचे गोळे वाटणारी ती स्वतः निघाली, तोंड भलतंच उघडं. “हे ठेवायलाच हवं का?” तिने विचारलं, आणि मोराग त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

शनिवारी थिएटर भरलं. खुर्च्या संपल्यावर इसोदांनी घरातली आसनं आणली. गल्ली एका बाजूला, कारखान्यातल्या बायका दुसऱ्या. एफ्रेन बायकोशेजारी टाय लावून बसला होता. शेवटच्या रांगेत, टोपी डोळ्यांवर ओढून, कुवाबारा.

पालखी उतारावरून आली तशी लोक नावं घेऊन ओरडायला लागले. “तानिगावा, पोट आत घे!” “अगं, ही तू!” एफ्रेन आता सगळ्यांत होता, क्षणभर तर तोकिएला तो शोधावा लागला. मग तो कळवळला, खांदा झुकला, आणि गर्दीतून एक राखाडी ठिपका पुढे आला. डोकं नसलेल्या त्या माणसाने गळ्यातला पंचा काढला. घडी घातली. कडा जुळवल्या. दांड्याखाली सरकवली आणि वर दोनदा थापटलं.

मग मागून तानिगावांची आजी मोठ्याने म्हणाली, “अहो, तो निळ्या माशांचा पंचा! कुवाबारांचाच तो!”

सगळं थिएटर हसलं. हसता हसता कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती पसरत गेली.

खेळ संपल्यावर मोराग पडद्यापुढे उभी राहून सर्वांना वाकून नमस्कार करत होती. लोक बाहेर पडायला लागले तसे कुवाबारा उलटे, गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आले.

“हे काय केलंत? सगळी गल्ली दिसते, तांदूळवाल्याचं टक्कलसुद्धा दिसतं, आणि मी एकटाच पुसलेला. मी काय चोर आहे?”

“तुम्हीच म्हणाला होतात...”

“मीच म्हणालो. ठाऊक आहे मला.” त्यांनी घसा खाकरला. “तो कागद आहे का?”

कागद तोकिएच्या पिशवीत घडी करून होता. कुवाबारांनी तो तिकिटांच्या काउंटरवर पसरला, आणि मोकळ्या जागेत, इतरांपेक्षा जरा मोठ्या अक्षरांत, आपलं नाव लिहिलं. “दुसऱ्या गावी दाखवाल तेव्हा नीट दाखवा,” ते म्हणाले आणि एफ्रेनला न पाहिल्यासारखं करून निघाले. एफ्रेनने त्यांना दारात गाठलं. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. दोघेही एकमेकांना वाकून वाकून दारातच अडकून राहिले, आणि मागची रांग खोळंबली.

‘पालखीचे भोई’ त्यानंतर मात्सुयामाला लागला, मग समुद्रापलीकडे हिरोशिमाला, सगळ्या चेहऱ्यांसकट. फार पैसे मिळाले नाहीत. मोराग अजून तोकिएच्या माडीवर राहते, दुपारी मुलांना इंग्रजी शिकवते. यंदा गल्लीच्या कामांची पाळी तिच्याकडे आहे, आणि ती फिरती पाटीही.