काठाऐवजी गाठ

पस्तीस वर्षं कचेरीत टायपिंग करताना मावशींनी कधी एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. निवृत्तीनंतर त्या दर शुक्रवारी फोनवरच्या गटाला एक शब्द देत आणि त्यावर ज्यानं त्यानं शंभर शब्दांत काहीतरी लिहून पाठवायचं. एका शुक्रवारी द्यायचा होता ‘काठ’, पण बोट घसरलं आणि गेला ‘गाठ’. ‘काठ म्हणायचं होतं,’ असं त्यांनी लगेच खाली कळवलं.

“मावशी, तुमच्या हातून चूक? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!” गटातल्या शिंप्यानं टोमणा मारला.

मावशी ओशाळल्या, पण सगळे म्हणाले, आता ‘गाठ’च राहू द्या. शिंप्यानं दोऱ्याच्या गाठीवर लिहिलं, पोस्टमननं जुन्या मित्राच्या गाठीभेटीवर. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईनं मात्र आंघोळ करताना छातीत हाताला लागलेल्या गाठीवर लिहिलं. वर ‘कथा’ असं लिहिलं होतं, पण कथेत कुणी इतकी नेमकी तारीख घालतं का? मावशींनी लगेच तिला फोन लावला.

“खरं सांग, ही गोष्ट आहे की तू आहेस?”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “लेकीची परीक्षा होऊ दे, मावशी. मग बघू.”

“परीक्षा तिची आहे, तुझी नाही. उद्या नऊ वाजता मी दवाखान्याच्या दारात उभी असेन.”

गाठ लहान होती, वेळेत निघाली. दोन महिन्यांनी त्याच बाईचा फोन आला, “मावशी, आता तुमचा तो काठ द्या. लागले मी काठाला.”

मावशींनी डोळे पुसले, आपल्या त्या एकुलत्या एका चुकीला मनोमन हात जोडले आणि ‘काठ’ टाइप केला.